पावती आहे, परवाना आहे. पण हद्द कुठपर्यंत?

आपल्या राज्याच्या सीमेवर वसलेल्या गावांतील व्यापाऱ्यांचा धंदा एका राज्यात कधीच मावलेला नाही. मिरजेचा सराफ बेळगावला जातो, उदगीरचा व्यापारी बिदरच्या बाजारात बसतो, मालेगावचा कापडवाला आज सुरतेला तर उद्या बुऱ्हाणपूरला असतो आणि नांदेडच्या अडत्याचे निम्मे हिशेब निजामाबाद-हैदराबादकडे अडकलेले असतात. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, जकात नाके उठले आणि मालापुरती राज्याची सीमा बरीच पुसट झाली. परंतु व्यापाऱ्याजवळ असणारी एक वस्तू अशी आहे की तिच्यापुरती ही सीमा आजही तितकीच ठळक आहे. ती वस्तू म्हणजे परवान्याची बंदूक किंवा रिव्हॉल्व्हर.

रोकड, सोने-चांदी किंवा किमती माल घेऊन फिरणाऱ्या अनेकांनी जिवाच्या व मालाच्या रक्षणासाठी रीतसर परवाना काढलेला असतो. सरकारमान्य दुकानातून शस्त्र घेतलेले असते, पावती जपून ठेवलेली असते, नूतनीकरणही वेळेवर केलेले असते. एवढे सारे असूनही हा इमानदार माणूस केवळ दुसऱ्या राज्यात पाऊल ठेवल्यामुळे कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. म्हणून या विषयाची साद्यंत माहिती आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवणे आम्हाला आवश्यक वाटते.

परवान्यातील एक ओळ

ट्रकमालकांना ही गोष्ट चटकन समजेल. ट्रक कायदेशीर आहे, त्याची कागदपत्रे पूर्ण आहेत, पण परमिट फक्त महाराष्ट्राचे असेल तर तो कर्नाटकात माल वाहू शकत नाही. त्यासाठी नॅशनल परमिट लागते. शस्त्राचेही तसेच आहे. शस्त्र परवान्यावर धारकाचे नाव, फोटो, शस्त्राचा प्रकार व क्रमांक, काडतुसांची संख्या आणि मुदत यांबरोबरच हा परवाना कोणत्या क्षेत्रात वैध आहे हेही लिहिलेले असते. कोणाचा परवाना एका जिल्ह्यापुरता असतो, कोणाचा महाराष्ट्र राज्यापुरता, तर फार थोड्यांचा संपूर्ण भारतासाठी.

अनेक परवानाधारक मुदतीची तारीख पाठ म्हणून दाखवतील, पण क्षेत्राची ओळ त्यांनी कधी नीट वाचलेली नसते. परवाना सरकारने दिला आहे आणि सरकार तर साऱ्या देशाचे आहे, अशी त्यांची भाबडी समजूत असते. वस्तुतः शस्त्र विकत घेतल्याची पावती ही केवळ मालकीचा पुरावा आहे. ते शस्त्र जवळ बाळगण्याचा आणि घेऊन फिरण्याचा अधिकार परवान्याने मिळतो, आणि तो परवान्यावर लिहिलेल्या हद्दीपुरताच मिळतो.

कायदा काय सांगतो?

इंग्रजांनी १८७८ साली, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना, हिंदी जनतेला निःशस्त्र ठेवणारा शस्त्र कायदा केला. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागी १९५९ चा शस्त्र अधिनियम आला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याखालील १९६२ चे नियम बदलून २०१६ मध्ये नवे शस्त्र नियम लागू झाले, आणि २०१९ साली मूळ कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या ३ वरून २ वर आणली, परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षे केली आणि अनेक गुन्ह्यांच्या शिक्षा वाढवल्या.

परवान्याच्या अटींचा भंग केल्यास कलम ३० प्रमाणे ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विनापरवाना शस्त्र बाळगण्याचा गुन्हा कलम २५ खाली येतो आणि २०१९ नंतर त्यासाठी किमान २ वर्षे व कमाल ५ वर्षांची कैद आहे. परवाना आहे पण हद्दीबाहेर सापडला, अशा माणसाला कोणते कलम लागावे यावर वकील न्यायालयात वाद घालतात. परंतु तो वाद पुढचा आहे. त्याआधी शस्त्र मुद्देमाल म्हणून जप्त झालेले असते, परमुलखात जामिनासाठी धावाधाव झालेली असते आणि दुकानाचे शटर आठ-पंधरा दिवस बंद राहिलेले असते. शिवाय अटीचा भंग झाला म्हणून कलम १७ खाली परवानाच रद्द होण्याची टांगती तलवार राहते ती वेगळीच.

कलम १९ नुसार पोलीस अधिकारी रस्त्यात परवाना दाखवण्यास सांगू शकतो. कलम २० तर आणखी पुढे जाते. परवाना असो वा नसो, शस्त्र संशयास्पद रीतीने किंवा संशयास्पद परिस्थितीत नेले जात आहे असे दिसले तर वॉरंटशिवाय अटक करण्याचा अधिकार पोलिसांबरोबर रेल्वे, विमान, जहाज व वाहनांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही आहे. म्हणून शस्त्र सीटखाली दडवून, कापडाच्या गाठोड्यात गुंडाळून नेण्यात शहाणपण नाही. लपवाछपवीनेच संशय वाढतो.

संपूर्ण भारताचा परवाना कोणाला?

साधा उपाय म्हणून पुष्कळ जण म्हणतील, ‘ऑल इंडिया करून घेऊ.’ ते तितके सोपे नाही. केंद्रीय गृहमंत्रालयाने ३१ मार्च २०१० रोजी राज्यांना जे धोरण कळवले, त्यात संपूर्ण भारतासाठी वैधता देण्याचे वर्ग मोजकेच ठेवले होते. विद्यमान केंद्रीय मंत्री व खासदार, लष्करी व निमलष्करी दलांतील लोक, अखिल भारतीय सेवांतील अधिकारी, देशात कोठेही बदली होऊ शकणारे अधिकारी आणि नेमबाज खेळाडू. या यादीत व्यापाऱ्याचे नाव नाही. इतरांसाठी राज्य सरकारला जास्तीत जास्त ३ लगतच्या राज्यांपर्यंत क्षेत्र वाढवून देण्याची मुभा ठेवली होती.

आता याचा अर्थ धंद्याच्या भाषेत पाहू. महाराष्ट्राला गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, कर्नाटक आणि गोवा ही ६ राज्ये लागून आहेत. मालेगावच्या व्यापाऱ्याला सुरत आणि बुऱ्हाणपूर या दोन्ही बाजारांसाठी गुजरात व मध्य प्रदेश मागता येईल. मात्र हाच व्यापारी सुतासाठी कोईमतूरला जात असेल तर तमिळनाडू लगतचे राज्य नाही. तेथे हा मार्ग कामाचा नाही. मिरजेहून बेळगावला जाणाऱ्याने कर्नाटक घेतले, पण वाटेत गोव्याचा फेरा केला, तर गोवाही परवान्यावर हवे. म्हणून अर्ज करण्यापूर्वी आपण वर्षभरात कोठे कोठे जातो हे वहीत पाहून ठरवावे. आज कोणते निर्देश लागू आहेत हे आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयातील गृह शाखेत, आणि जेथे पोलीस आयुक्तालय आहे तेथे आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचारून खात्री करून घ्यावी.

दुकान हलवताना

फेरीपुरते जाणे निराळे आणि बिऱ्हाडासह दुसऱ्या राज्यात जाणे निराळे. समजा, सोलापूरच्या एका सराफाने विजापूरला दुसरे दुकान थाटले आणि तो कुटुंबासह तेथे राहायला गेला. टेम्पोत तिजोरी चढली, काटा-वजने चढली आणि त्याबरोबर रिव्हॉल्व्हरही चढले. परवाना महाराष्ट्रापुरता. येथेच घोटाळा होतो. असा प्रसंग येणाऱ्यांनी पुढील क्रम सोडू नये.

पहिली गोष्ट, हलण्याच्या पुष्कळ आधी ज्या कार्यालयाने परवाना दिला तेथेच क्षेत्र वाढवून मिळण्यासाठी लेखी अर्ज करावा. परवानाधारकाच्या अर्जावरून अटी बदलण्याचा अधिकार कलम १७ ने त्या कार्यालयाला दिलेला आहे. अर्जासोबत नव्या दुकानाचा भाडेकरार, जीएसटी नोंदणी, व्यवहाराची बिले, बँकेचे उतारे जोडावेत. ‘जिवाला धोका आहे’ एवढ्या एका वाक्यावर काम होत नाही. धोका कशामुळे आणि कोणत्या मार्गावर, हे कागदांनी दाखवावे लागते.

दुसरी गोष्ट, मंजुरी येईपर्यंत शस्त्र नव्या राज्यात नेऊच नये. ते परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून त्याची रीतसर पोच घ्यावी. घर बंद करून कपाटात ठेवून जाणे हा उपाय नव्हे. शस्त्र सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी धारकाचीच आहे.

तिसरी गोष्ट, क्षेत्र वाढून मिळाल्यावर शस्त्र रिकामे करून, काडतुसे वेगळी ठेवून, मूळ परवाना जवळ बाळगून न्यावे. मोबाईलमधला फोटो हा परवाना नव्हे.

चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात. परवानाधारक शस्त्रासह कायमचा किंवा ३० दिवसांपेक्षा अधिक काळासाठी दुसरीकडे राहायला गेला, तर त्याने ३० दिवसांच्या आत नव्या ठिकाणच्या परवाना कार्यालयाला आणि जुन्या कार्यालयाला, अशा दोन्हींना लेखी कळवले पाहिजे, आणि मागणी होताच नोंदीसाठी परवाना व शस्त्र दाखवले पाहिजे. हे राज्यातल्या राज्यात जिल्हा बदलणाऱ्यालाही लागू आहे. मात्र ध्यानात घ्यावे की, केवळ पत्ता कळवल्याने क्षेत्र वाढत नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाचवी गोष्ट, परवान्यावर राष्ट्रीय नोंदवहीतील विशिष्ट ओळख क्रमांक, ज्याला सर्वजण यूआयएन म्हणतात, तो आहे की नाही हे पाहून घ्यावे. जुन्या काळी हाताने लिहिलेल्या पुस्तिकांवर हा क्रमांक नसे. त्यावाचून नव्या राज्यातील कार्यालय आपली नोंद शोधणार कोठे?

अर्ज नामंजूर झाला तर निराश होऊन बेकायदा मार्ग धरू नये. नामंजुरीची कारणे लेखी नोंदवणे कार्यालयाला कायद्याने बंधनकारक आहे आणि मागितल्यास, सार्वजनिक हिताला बाधा येत नसेल तर, ती अर्जदाराला द्यावी लागतात. त्याविरुद्ध कलम १८ खाली अपील करता येते. त्यासाठी ३० दिवसांची मुदत हातची जाऊ देऊ नये. आमच्या लहान कारागिरांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कलम १४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे.

मुनीम, ड्रायव्हर आणि मुलगा

परवाना हा माणसाच्या नावाचा असतो, पेढीच्या किंवा घराण्याच्या नावाचा नसतो. ‘आज मला जमत नाही, तूच वसुलीला जा आणि हे जवळ ठेव,’ असे म्हणून मुनिमाच्या हाती रिव्हॉल्व्हर देणारा मालक स्वतःबरोबर त्या गरीब नोकरालाही संकटात लोटतो. दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा धारकाच्याच वापरासाठी, धारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याने शस्त्र नेण्याची सवलत कलम ३ मध्ये आहे. पण तिचा अर्थ ओढूनताणून वसुलीपर्यंत नेता येणार नाही. राखणदाराच्या हाती शस्त्र द्यायचे असेल तर त्याची ‘रिटेनर’ म्हणून रीतसर नोंद झाली पाहिजे.

वडील वारले, त्यांची बंदूक गावच्या घरात आहे आणि मुलाचा धंदा दुसऱ्या राज्यात आहे, असे अनेक कुटुंबांत असते. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्या परवान्यावर ती बंदूक कोणालाही बाळगता येत नाही. कलम २१ प्रमाणे विनाविलंब ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि मग वारसाने आपल्या नावाने परवाना मागावा. ‘अब्बांची आठवण’ म्हणून ती गाडीच्या डिकीत टाकून नेणे हा गुन्हाच आहे, हेतू कितीही निर्मळ असो.

लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्यासाठी परगावच्या नातेवाइकांकडे बंदूक नेणाऱ्यांना तर आम्ही हात जोडून सांगू की, २०१९ पासून हा स्वतंत्र गुन्हा आहे. इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या अशा गोळीबाराला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

एक विसरलेले काडतूस

विमानतळावर बॅग तपासणीत एखादे जिवंत काडतूस निघते आणि हैदराबाद किंवा दिल्लीला निघालेला व्यापारी पोलीस ठाण्यात बसतो, अशी प्रकरणे न्यायालयांपर्यंत पुष्कळदा गेलेली आहेत. बॅग जुनी असते, तळाशी काडतूस राहून गेलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सांगितले की ‘ताबा’ म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. १९९४ च्या संजय दत्त प्रकरणातील निकालातही हेच तत्त्व अधोरेखित झाले. याच आधारावर विसरलेल्या एका काडतुसाचे गुन्हे उच्च न्यायालयांनी अनेकदा रद्द केले आहेत. मात्र हा दिलासा मिळेपर्यंत वकिलाची फी, तारखा आणि चारचौघांतली इज्जत यांची किंमत मोजावी लागते. प्रवासाला निघण्यापूर्वी बॅगेचा प्रत्येक कप्पा उलटा करून पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. आणि शस्त्र विमानाने न्यायचेच असेल तर ते हातातल्या सामानात कदापि चालत नाही. ते रिकामे करून, आधी घोषित करून, विमान कंपनीच्या ताब्यात द्यायच्या सामानातून, तिच्या परवानगीनेच न्यावे लागते.

निवडणुकीच्या काळात दक्षता दुप्पट हवी. आचारसंहिता लागली की सीमेवरील नाक्यांवर गाड्या थांबवून रोकड व शस्त्रे यांची कसून तपासणी होते. परवानाधारकांची छाननी करून अनेकांना शस्त्रे जमा करण्यास सांगितले जाते. शेजारच्या राज्यात निवडणूक आहे की नाही हे पाहूनच निघावे.

सुरी-तलवारीचे कारागीर

हद्दीचा हा नियम केवळ बंदुकीला नाही. आमच्या शिकलगार बांधवांनी, लोहारकाम करणाऱ्यांनी आणि कटलरीच्या फेरीवाल्यांनीही तो समजून घ्यावा. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या तलवारी, खंजीर, सुरे यांचा वेगळा वर्ग आहे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. या वर्गासाठी सर्वत्र परवाना लागतोच असे नाही. कलम ४ खाली केंद्र सरकार ज्या भागासाठी अधिसूचना काढते त्या भागात तो लागतो. म्हणजे एका मुलखात बिनपरवान्याने विकलेली तलवार दुसऱ्या मुलखात गुन्हा ठरू शकते.

दिल्लीचे उदाहरण घ्या. तेथे २९ ऑक्टोबर १९८० च्या अधिसूचनेने बटणाने, स्प्रिंगने किंवा तशा यंत्राने उघडणारे आणि ७.६२ सेंटिमीटर किंवा अधिक लांब व १.७२ सेंटिमीटर किंवा अधिक रुंद पात्याचे चाकू परवान्याच्या कक्षेत आणले. बाहेरगावी शौकाने घेतलेला असा चाकू खिशात ठेवून दिल्ली स्टेशनवर उतरणारा माणूस आरोपी होतो. महाराष्ट्रातही पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्या काळात तलवारी, भाले, दंडुके घेऊन फिरता येत नाही. आपल्या कुरेशी बांधवांच्या सुऱ्या या धंद्याची अवजारे आहेत. तरीही ईदच्या सुमारास परगावी जाताना त्या पेटीत बंद करून, धंद्याची नोंद किंवा दुकानाचा परवाना सोबत ठेवूनच न्याव्यात. हातात किंवा पिशवीत उघड्या ठेवू नयेत.

दलालापासून सावध

हद्दीची अडचण पाहून काही दलाल दूरच्या राज्यातून ‘ऑल इंडिया’ परवाना काढून देण्याचे आमिष दाखवतात. जम्मू-काश्मीरमध्ये काय झाले हे सर्वांपुढे आहे. तेथे २०१२ ते २०१६ या काळात वाटलेल्या सुमारे २ लाख ७८ हजार परवान्यांची चौकशी २०१८ मध्ये सीबीआयकडे गेली आणि अनेक जिल्ह्यांत छापे पडले. परराज्यातील लोकांना पैसे घेऊन परवाने दिल्याचा आरोप होता. ज्या गावी आपण राहत नाही, ज्या कार्यालयाचे दार कधी पाहिले नाही, तेथला परवाना हाती पडला तर तो रक्षण करील की घात करील, याचा विचार पैसे मोजण्याआधीच करावा.

शस्त्र हवेच का?

शेवटी एक धंद्याचा हिशेब मांडतो. रोकड बरोबर नेणे भाग होते त्या काळात शस्त्राची गरज मोठी होती. आज आरटीजीएस आहे, यूपीआय आहे, आणि २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा अधिक रोख स्वीकारण्यावर आयकर कायद्याने बंदीच आहे. प्रवासातील रोकड व मालाचा विमा काढता येतो. ज्यांना परराज्याचा परवाना मिळत नाही त्यांनी शस्त्र लपवून नेण्यापेक्षा रोकडच कमी न्यावी, हे किफायतशीर आहे. सराफांसारख्यांना माल बरोबर न्यावाच लागतो. त्यांची गरज खरी आहे, आणि त्यांच्या अर्जांवर शासनाने ठरावीक मुदतीत निर्णय द्यावा ही मागणी व्यापारी संघटनांनी लावून धरली पाहिजे. परवान्याचे क्षेत्र मोठ्या अक्षरांत मराठीतही छापावे, एवढी साधी गोष्ट झाली तरी कितीतरी निरपराध माणसे कोर्टाच्या पायऱ्या चढण्यापासून वाचतील.

तोपर्यंत ज्यांच्या घरी परवाना आहे त्यांनी आजच तो कपाटातून काढावा, क्षेत्राची ओळ वाचावी आणि आपल्या धंद्याच्या गावांची यादी तिच्याशी ताडून पाहावी. जे गाव त्या ओळीत बसत नाही, तेथे शस्त्र नेऊ नये.